हलगी नाकारली, गाणे नाही!

वढू बुद्रुक हे गाव आंबेडकरी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. भीमेच्या काठी, कोरेगाव भीमापासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे आणि तिच्या जवळच गोविंद गोपाळ महार यांची समाधी आहे. १६८९ साली औरंगजेबाने शंभूराजांची क्रूर हत्या केली, तेव्हा त्यांच्या देहावर अंत्यसंस्कार करण्याची हिंमत गोविंद गोपाळ यांनी दाखवली, ही आमच्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. २०१७ च्या डिसेंबरअखेरीस त्या समाधीजवळच्या फलकावरून काय झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, १ जानेवारी २०१८ रोजी, जयस्तंभाला मानवंदना द्यायला आलेल्या निःशस्त्र जनतेवर कसे दगड पडले, हे तमाम आंबेडकरी जनता विसरलेली नाही, विसरणारही नाही.

आम्ही दरवर्षी जयस्तंभाला जातो आणि वढूलाही जातो. या वाटेवर आम्हाला नेहमी एक गोष्ट जाणवते. गोविंद गोपाळ यांचे नाव आमच्यापर्यंत कोणी आणले? विद्यापीठाने? पाठ्यपुस्तकाने? नाही. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी आमची नावे लिहिली नाहीत. ती नावे आमच्या आजा-पणजांनी तोंडाने सांगितली, शाहिरांनी गायली. ज्या समाजाला कागद नाकारला जातो, त्या समाजाचे दप्तर म्हणजे त्याचे गाणे असते. म्हणूनच गाणे हा आमच्यासाठी करमणुकीचा विषय नाही, तो हक्काचा विषय आहे. आज आम्ही याच हक्काबद्दल लिहिणार आहोत, परंतु बोलणार आहोत ते आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या गाण्याबद्दल. काही वाचकांना हे नवल वाटेल. परंतु शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

वढूहून कोरेगाव भीमा, शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, न्हावरे असे करत रस्ता दौंड तालुक्यात चौफुल्याला उतरतो. चौफुला म्हटले की लोकांना संगीतबारी आठवते, लावणी आठवते. तिथून थोड्याच अंतरावर केडगाव आहे. केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे आणि तिथे ख्रिस्ताची भजने म्हटली जातात. म्हणजे एकाच रस्त्यावर भीमगीत, लावणी आणि ख्रिस्ती भजन अशी तीन गाणी नांदतात. तिन्ही ठिकाणी ढोलकी आहे, पेटी आहे, टाळी आहे. आणि या ढोलकीमागे बसलेला माणूस कोणत्या वस्तीतला, हे जाणकारांना सांगण्याची गरज नाही.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. मागे या शिरूर-दौंड पट्ट्यातल्या एका गावातून एक वयस्कर बाई आमच्याकडे आल्या. घर मूळचे मातंग, दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. रविवारी संध्याकाळी घरातच प्रार्थना चालायची. आठ-दहा माणसे, एक ढोलकी, एक खंजिरी. ना कर्णा, ना मांडव. एका रविवारी पंधरा-वीस जणांचे टोळके आले. "इथे धर्मांतर चालते" म्हणत त्यांनी शिव्या दिल्या. शिव्या येशूला दिल्या नाहीत, जातीला दिल्या. ढोलकी फोडली, बाईंच्या मुलाला मारले. शेजारच्या घरातला बौद्ध तरुण मध्ये पडला, त्यालाही मारले, त्यालाही जातीवरून शिव्या दिल्या.

पोलीस ठाण्यात काय झाले? शेजारच्या बौद्ध तरुणाची फिर्याद अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली घेतली गेली, तीही आम्ही जाऊन बसल्यावर. बाईंच्या मुलाला विचारले, "दाखल्यावर धर्म कोणता?" त्याने सांगितले, ख्रिश्चन. "मग तुला अ‍ॅट्रॉसिटी लागत नाही." झाले! अदखलपात्र म्हणून नोंद करून त्याच्या हातात कागद दिला. तीच संध्याकाळ, तेच टोळके, तीच शिवी, तीच काठी. एकाच्या पाठीवरचा वळ कायद्याला दिसला, दुसऱ्याच्या पाठीवरचा दिसला नाही. आम्ही कलमांचा विचार करत होतो आणि बाई आम्हाला विचारत होत्या, "वकीलसाहेब, ढोलकीची पुडी फाडली, ती कोन भरून देनार?" आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

ढोलकी, हलगी, डफ, सनई ही वाद्ये आमच्या हातात कशी आली? हौसेने आली नाहीत, गावकीने दिली. गावात लग्न निघाले, वाजवा. जत्रा भरली, वाजवा. पाटलाच्या घरी मयत झाली, वाजवा. मोबदला काय? शिळी भाकर, फाटके धोतर आणि देवळाबाहेर उभे राहण्याची परवानगी! चामडे ओढणारा विटाळ, पण त्याच चामड्याचा आवाज देवाच्या पालखीपुढे चालतो, असा हा मनुवादी न्याय. मेलेली ढोरे ओढू नका, गावकीची हलकी कामे टाकून द्या, हा बाबासाहेबांचा आदेश आमच्या वाडवडिलांनी मानला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांत धम्मबांधवांनी वाजवणे सोडले. त्यासाठी त्यांच्यावर बहिष्कार पडले, पाणी तोडले गेले, मार खावा लागला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपली, परंतु कायद्याने कागदावर जे संपवले ते आमच्या माणसांनी आधी छातीवर दगड ठेवून संपवायला सुरुवात केली होती.

वकील म्हणून आम्ही या नकाराला फार मोठे मानतो. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात एक निकाल दिला. केरळमधील यहोवाज विटनेसेस या पंथाची तीन मुले शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. अर्थ असा की, गाण्याच्या स्वातंत्र्यात न गाण्याचेही स्वातंत्र्य येते. देशाला हे १९८६ साली न्यायालयातून कळले. आमच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या आजोबांनी मात्र "आजपासून वाजवणार नाही" असे म्हणून हाच हक्क कित्येक वर्षे आधी बजावला होता!

परंतु त्यांनी वाजवायला नकार दिला म्हणजे गाणे सोडले का? मुळीच नाही. त्याच ढोलकीवर सत्यशोधक जलसा उभा राहिला, पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. वामनदादा कर्डकांनी आयुष्य त्यात घातले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांनी तो आवाज घराघरांत पोहोचवला. ढोलकी तीच होती, मालक बदलला. गावकीचे वाद्य चळवळीचे झाले. हलगी नाकारली, गाणे नाही!

नेमके हेच काम आमच्या वस्तीतल्या ख्रिस्ती घरांनी दुसऱ्या मार्गाने केले आणि ते आम्ही कधी नीट पाहिले नाही. मराठीत ख्रिस्ताचे गाणे आजचे नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचले, ते १६१६ साली गोव्यात छापले गेले. म्हणजे ख्रिस्ती धर्म इथे रुजायचा तर तो ओवीतूनच रुजेल, हे त्या परक्या माणसाला कळले होते. परंतु सत्तेला ते सोसले नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांच्या भाषेवर बंदीचे फर्मान काढले. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने ख्रिस्ती घरांतल्या लग्नात ओव्या गाण्यालाही मनाई केली. जुन्या धर्माची आठवण नको, म्हणून बायकांच्या तोंडची ओवी बंद! धर्म बदलला तरी माणसाचे गाणे आपल्या मुठीत असावे, ही हाव कोणत्याही धर्माच्या सत्तेला सुटलेली नाही, हे इथे लक्षात घ्यावे.

आपल्या भागात ख्रिस्ती गाणे आले ते अमेरिकन मराठी मिशनबरोबर. १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, या मिशनचे केंद्र सुरू झाले आणि पुढच्या दशकात शिरूरलाही मिशनचे ठाणे झाले. मिशनच्या मागे आले ते प्रामुख्याने महार आणि मांग. गोऱ्या साहेबाच्या स्तोत्रांच्या विलायती चाली या लोकांच्या गळ्यात बसेनात. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर भागात ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. वीणा, टाळ, मृदंग, अभंग, आर्या, साकी सगळे तसेच राहिले, आख्यान तेवढे येशूचे. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कीर्तनकारांनी ते गाजवले. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचे अभंग आणि भजने आजही मराठी चर्चमध्ये उपासना संगीतातून म्हटली जातात. त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

केडगावचे तर काय सांगावे! पंडिता रमाबाई या पुराणिकाच्या कन्या. संस्कृत मुखोद्गत, देशभर पुराणे सांगत फिरलेल्या. ज्या पुराणांनी स्त्रीला आणि शूद्राला मोक्ष नाकारला ती पुराणे त्यांनी आतून पाहिली आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. त्यांच्यावर पुण्याच्या सनातन्यांनी झोड उठवली, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, हे आपण विसरता कामा नये. जोतीराव काही ख्रिस्ती झाले नाहीत. परंतु दुसऱ्याचा धर्म निवडण्याचा हक्क राखण्यासाठी आपण त्या धर्माचे असावे लागत नाही, हा धडा त्यांनी घालून दिला. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली आणि विधवांना केडगावला आणले. १९०५ साली त्या मुलींमध्ये प्रार्थनेची अशी लाट उसळली की तिची दखल जगभरच्या ख्रिस्ती लोकांनी घेतली. ज्या विधवांना शुभकार्यात उभे राहण्याचीही बंदी होती, त्या मोठ्या आवाजात प्रार्थना करू लागल्या, गाऊ लागल्या. याचे मोल धर्माच्या चौकटीबाहेर जाऊनही करता येते.

मात्र आमची एक तक्रार आहे आणि ती आम्ही लपवणार नाही. या इतिहासात नावे कोणाची राहिली? टिळकांचे नाव राहिले, रमाबाईंचे राहिले, आणि ती राहायलाच हवीत. परंतु ज्या महार-मांग भजन्यांनी ही गाणी खेड्यापाड्यांत नेली, ज्यांनी ढोलकीवर चाली बसवल्या, त्यातल्या किती जणांची नावे चर्चच्या भिंतीवर आहेत? धर्म बदलला तरी स्मरणाची उतरंड तशीच राहिली. बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला आहे. १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना, शिकूनही हा समाज अन्यायाविरुद्धच्या राजकीय लढ्यात मागे राहिला, असे त्यांनी परखडपणे सुनावले होते. ख्रिस्ताच्या समतेच्या शिकवणीविषयी मात्र त्यांनी आदरच दाखवला.

थोडे देशाबाहेर पाहू. ऑस्ट्रेलियाच्या वरच्या बाजूला पॅसिफिक महासागरात पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे, वानुआतू, फिजी अशी बेटे आहेत. त्यांना मेलानेशिया म्हणतात. काळ्या माणसांची बेटे, असाच त्या नावाचा अर्थ, आणि ते नावही गोऱ्यांनीच दिलेले. १८६३ ते १९०४ या काळात या बेटांवरून सुमारे ६२ हजार मजूर-करार करून माणसे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या ऊसमळ्यांवर नेली गेली. काही करारावर गेली, कित्येक फसवून आणि पळवून नेली गेली. आमच्या दौंड-शिरूरच्या उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही. त्या मळ्यांवर अनेकांनी ख्रिस्ती प्रार्थनागीते शिकली आणि परतताना ती आपल्या बेटांवर नेली.

तिथेही अनेक मिशनऱ्यांनी आधी बंदीच घातली. पूर्वजांचे नाच बंद, ढोल बंद, ते सैतानाचे म्हणून. लोकांनी काय केले? पापुआच्या किनाऱ्यावर, पॅसिफिकच्याच दुसऱ्या बेटांवरून आलेल्या काळ्या-सावळ्या धर्मशिक्षकांनी आणलेली पेरोवेटा नावाची गीते लोकांनी इतकी आपली करून घेतली की आज ती तिथली जुनी परंपरा मानली जाते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांबरोबर गिटार आणि युकुलेली ही छोटी तंतुवाद्ये आली, त्यांतून गावोगावी 'स्ट्रिंग बँड' उभे राहिले. एकाच बँडमध्ये देवाचे गाणे, गावाचे गाणे, मेलेल्या भावाच्या आठवणीचे गाणे. पुढे कॅसेट आली, जशी ती आपल्याकडे आली आणि तिने भीमगीते झोपडीझोपडीत नेली, तशीच तिने तिथली भक्तिगीते आणि बँडची गाणी बेटाबेटांवर नेली. आणि ज्या कुंडू नावाच्या ढोलाला मिशनऱ्यांनी नाक मुरडले, तो ढोल आज पापुआ न्यू गिनीच्या राष्ट्रचिन्हावर आहे! ढोल बंद करणारे गेले, ढोल राहिला.

परंतु याच देशाने २०२५ च्या मार्चमध्ये घटनादुरुस्ती करून स्वतःला ख्रिस्ती राष्ट्र म्हणून जाहीर केले. काल ज्यांच्या ढोलावर बंदी होती, त्यांनीच आज सत्ता आणि धर्म एका आसनावर बसवले. उद्या तिथे वेगळे गाणे गाणाऱ्याचे काय होणार? आम्ही ख्रिस्ती राष्ट्राचे समर्थन करत नाही, हिंदू राष्ट्राचे करत नाही आणि कोणी बौद्ध राष्ट्र म्हणाले तरी करणार नाही. आम्हाला संविधानाचे राष्ट्र पाहिजे. कारण संविधानाच्या राष्ट्रातच आठ माणसांच्या घरगुती प्रार्थनेला तेवढीच किंमत असते, जेवढी लाखांच्या मिरवणुकीला.

आता कायद्याकडे वळू. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने ठरवले की हिंदू सोडून दुसऱ्या धर्माचा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख आले. बौद्ध केव्हा आले? १९९० साली! म्हणजे १९५६ ची धम्मक्रांती झाल्यापासून ३४ वर्षे केंद्र सरकारच्या लेखी आमचा बौद्ध माणूस दलित नव्हता. महाराष्ट्राने सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या दारात आमच्या मुलांना "बौद्ध? मग तुम्हाला नाही" हेच ऐकावे लागले. त्या ३४ वर्षांत आमच्यावरचे अत्याचार थांबले होते का? गावाने आम्हाला बौद्ध म्हणून पाटावर बसवले होते का? धर्म बदलल्याने आम्ही मनातून जात टाकली, परंतु गावाच्या मनातून ती गेली नाही. हे आम्ही सरकारला ३४ वर्षे ओरडून सांगितले. मग आज ख्रिस्ती मातंग हेच सांगतो, तेव्हा आम्ही कानावर हात का ठेवायचे?

१९८५ साली सुसाई नावाच्या मद्रासच्या एका चर्मकाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. रस्त्याकडेला बसणाऱ्या चर्मकारांना सरकार टपऱ्या देत होते, हा ख्रिस्ती म्हणून याला टपरी मिळाली नाही. धर्मांतरानंतरही जातीचा जाच तेवढ्याच तीव्रतेने राहतो, हे पुरेशा पुराव्याने दाखवले नाही, असे न्यायालय म्हणाले. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. तो अहवाल बासनात गेला. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा नवा आयोग नेमला गेला. इकडे २०२५ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ख्रिस्ती झालेल्या माणसाला अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाही, असा निकाल दिला. आपल्या महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. पण इतर मागासवर्गाचा दाखला काठी अडवत नाही!

काही बांधव म्हणतील, आरक्षणात वाटेकरी वाढतील. ही भीती आम्ही समजू शकतो. परंतु आरक्षणाचा टक्का आणि अत्याचारापासून संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टक्क्याचा प्रश्न लोकसंख्या मोजून, टक्का वाढवून सोडवता येतो, त्यावर चर्चा करू. पण जातीवरून शिवी दिली आणि मारले, तर गुन्हा एकच असला पाहिजे, मार खाणाऱ्याच्या गळ्यात क्रूस असो वा पंचशीलाचा धागा, यावर चर्चा कसली करायची? दुसरे काही म्हणतील, हे मिशनऱ्यांचे कारस्थान आहे. आमच्या धम्मदीक्षेलाही लोक कारस्थानच म्हणाले होते. आपल्यावर मारलेला दगड उचलून शेजाऱ्याला मारायचा, हा धम्म नव्हे.

आणि तोवर प्रार्थनेला संरक्षण नाही असे कोणी समजू नये. संविधानाचे कलम २५ सर्वांना आहे. शांतपणे चाललेल्या उपासनेत व्यत्यय आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. पूर्वी तोच भारतीय दंड विधानाच्या कलम २९६ खाली होता. ढोलकी फोडली तर नुकसानीचे कलम वेगळे, मारले तर दुखापतीचे वेगळे. फिर्याद लेखी द्यावी, पोच घ्यावी, ठाण्याने घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी, तरीही नाही झाले तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. आमच्या कार्यकर्त्यांनी हे आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्याला सांगावे आणि त्याच्याबरोबर ठाण्यात जावे.

हक्काला मर्यादाही असते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २००० साली मद्रासच्या एका चर्चच्या ढोल आणि ध्वनिवर्धकाविरुद्ध शेजाऱ्यांनी तक्रार केली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही, असे न्यायालयाने बजावले. त्याच वर्षी ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. आता आम्ही आमच्याच घरात डोकावू. १४ एप्रिलला आमच्या वस्त्यांत काय चालते? डीजेच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्या थरथरतात, म्हातारी माणसे कानात बोळे घालून बसतात. वामनदादांचा एकेक शब्द ज्या समाजाने जिवापाड जपला, त्या समाजाच्या मिरवणुकीत आज शब्दच ऐकू येत नाही! जलशाची जुनी मंडळी अभिमानाने सांगत, की शाहिराच्या एका गाण्याला बाबासाहेब आपल्या दहा भाषणांइतके मानत. आज डीजेच्या एका रात्रीला बाबासाहेबांनी कशाइतके मानले असते? ज्याच्या घरी शब्द ऐकू येत नाही त्याने दुसऱ्याच्या गाण्याच्या हक्काविषयी बोलावे, हे शोभत नाही. म्हणून सुरुवात आपल्यापासून करावी.

ख्रिस्ती बांधवांनाही आमचे सांगणे आहे. तुम्ही आमचे भाऊ आहात, तुमचा देव आमचा नाही, पण तुमचा मार आमचा आहे. चर्चमध्ये जात असेल तर ती झाकू नका. तुमच्या जुन्या भजन्यांची नावे लिहून काढा, त्यांच्या जाती आणि गावे लिहा, त्यांच्या चाली नोंदवा. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आजोबांचा जातीचा पुरावा जपून ठेवा. पाद्री लढतील, मग आम्ही येऊ, असे म्हणू नका. केवळ प्रार्थनेने कलम लागत नाही, त्यासाठी ठाण्याची पायरी चढावी लागते. तुम्ही चढा, आम्ही बरोबर आहोत.

आमची सूचना साधी आहे. येत्या १ जानेवारीला वढू बुद्रुक आणि जयस्तंभ परिसरात जी गायनपार्टी येईल, तिने आपल्या भागातल्या जुन्या भजनी आणि शाहिरांची, मग ते बौद्ध असोत, मातंग असोत की ख्रिस्ती, नावे एका वहीत लिहून घ्यावीत. प्रत्येक तालुक्याची एक वही व्हावी. गोविंद गोपाळ यांचे नाव आमच्या लोकांनी ओठांवर जपले म्हणून ते उरले. आता तर आमच्या हातात लेखणी आहे. तरीही ही नावे हरवली, तर दोष मनूचा असणार नाही, आमचा असेल.

आणि त्या बाईंच्या ढोलकीबद्दल. खटल्याच्या तारखा पडतच राहिल्या. परंतु शेजारच्या त्या बौद्ध तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी वर्गणी काढली आणि पुडी नवी बसवून दिली. पुढच्या रविवारी प्रार्थना झाली. दाराशी निळे उपरणे घातलेली चार पोरे बसली होती. त्यांनी येशूचे गाणे म्हटले नाही, त्यांना ते म्हणायचेही नव्हते. ते नुसते बसले, म्हणून आतल्यांना गाता आले. चळवळीने एवढे तरी करावे.

जयभीम!